चौदा सेंटिमीटरचा जावई

आमच्या होणाऱ्या जावयाच्या मनगटाचा घेर किती, हा प्रश्न आमच्या घरात शनिवार, एक फेब्रुवारीला सकाळी सव्वादहा वाजता उपस्थित झाला. त्याचं अधिकृत उत्तर रविवार, तेवीस फेब्रुवारीला दुपारी बारा वाजता, एकशे दहा माणसांसमोर मिळालं. मधले बावीस दिवस माझ्या आयुष्यातून वजा झाले असं मी धरून चालतो. बत्तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला एक मनगट मोजता येऊ नये, ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगितली नसती. पण अंबरपेठेत ती आता सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथं सांगितली जाते तीत मी कात्री घेऊन पळालो असंही आहे. ते खोटं आहे. बाकीचं मात्र खरं आहे, म्हणून क्रमवार लिहितो.

आमच्या दीक्षाचा साखरपुडा तेवीस तारखेला ठरला होता. मुलगा प्रज्ञेश. गच्चीबावलीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. सरळ, हसतमुख, मराठी समजतं, बोलायची वेळ आली की नुसता हसतो. दीक्षा पुण्याला नोकरी करते. एकोणतीस वर्षांत तिनं पहिल्यांदाच कुणाला ‘हो’ म्हटलं होतं, आणि तेव्हापासून ती फोनवर स्वतःहून ‘पप्पा, जेवलात का?’ असं विचारायला लागली होती. हा फरक मी आणि तिच्या आईनं एकमेकांशी न बोलता टिपून ठेवला होता.

अडचण एकच होती, मुलाचे वडील. धम्मानंदजी निवृत्त मुख्याध्यापक. हुंडा, मानपान आणि भेटवस्तू या तिन्हींत त्यांना काही फरक दिसत नाही. विचार म्हणून मलाही दिसत नाही. पण माझे विचार घरात असतात आणि त्यांचे बाहेर पडतात. प्रज्ञेशचं आधीचं एक जमलेलं लग्न त्यांनी मुलीकडच्यांनी दिलेल्या सुटाच्या कापडावरून मोडलं होतं. (साडेतीन मीटर, राखाडी.) जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे संत्र्यांची पेटी पाठवली, ती त्याच ऑटोनं परत आली. वर चिठ्ठी होती: ‘संत्री गोड असतील. परत पाठवत आहे. संबंध परत पाठवण्याची वेळ आणू नये.’ अक्षर अतिशय सुंदर.

या पार्श्वभूमीवर माझी पत्नी गीता सव्वादहा वाजता म्हणाली, “अहो, साखरपुड्यात जावयाला घड्याळ द्यायचं.”

मी चिठ्ठी काढून दाखवली.

“ते संत्र्यांबद्दल आहे,” ती म्हणाली. “आणि एकशे दहा माणसांत, मुलाच्या हातात घातल्यावर, ते नाही कसं म्हणतील?”

“याला जबरदस्ती म्हणतात.”

“याला पद्धत म्हणतात. नांदेडहून सत्यवती येणार आहे. माझी बहीण आल्या आल्या पहिलं काय बघते? जावयाचा हात. तुम्हाला काय, तुम्ही कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचाल.”

“मग दीक्षाला विचारू, त्याला कुठलं—”

“दीक्षाला अजिबात नाही. ती नको म्हणेल.”

अशा रीतीनं ज्याला घड्याळ द्यायचं त्याला, जिच्यासाठी द्यायचं तिला आणि ज्यांना चालणार नाही त्यांना, अशा तिघांनाही कळू न देता घड्याळ घ्यायचं ठरलं. जबाबदारी माझ्यावर आली, कारण मोजमापाचं काम.

काचीगुड्याला स्टेशनच्या बाजूला एक जुनं घड्याळांचं दुकान आहे. दुकानदार सत्तरीचे, डोळ्याला भिंग लावलेले. मी म्हटलं, एक चांगलं घड्याळ दाखवा. ते माझ्या हाताकडे बघायला लागले.

“माझ्यासाठी नाही. दामाद के लिए.”

“हौ, मुबारक हो. कलाई किधर है?”

“कलाई कामावर गेली आहे.”

“तो शाम को लेके आओ साब. बगैर कलाई के घड़ी कैसी देऊँ?”

मग त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. मी समजत होतो की घड्याळ म्हणजे तबकडी आणि पट्टा. तसं नसतं. तबकडीचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो, पण खरं माप ते नव्हेच. पट्टा अडकवायला घड्याळाला वर-खाली जे कान असतात, त्या कानापासून त्या कानापर्यंतची लांबी मनगटाच्या बाहेर जाता कामा नये; गेली तर घड्याळ हातावर झाकण ठेवल्यासारखं दिसतं. चौदा-पंधरा सेंटिमीटर घेराला चौतीसची तबकडी, सोळा-सतराला अडतीस, त्यापुढे चाळीस-बेचाळीस. “सब नाप का खेल है,” ते म्हणाले, आणि मला एकदम माझ्या खात्यात परत आल्यासारखं वाटलं. जाताना त्यांनी बजावलं, “पट्टे की कड़ियाँ निकाले, पीछे नाम लिखाए, तो फिर वापसी का नाम नक्को लेना.”

घरी आलो तर जिन्यात नामदेवराव. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. घराणं निजामाच्या वेळचं, शेतकऱ्याचं. आता अंबरपेठेत मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आमच्या बरकतपुऱ्यात त्यांना न विचारता कुणी नळाची तोटीही बदलत नाही. विचारलं नाही तरी ते सांगतात. मी मनगटाची अडचण सांगितली.

“कशाला वणवण करता किशनराव? मानेचा घेर घ्या, निम्मा करा. मनगट निघतं. दर्जी लोकांचा हिशेब हाय.”

“मान तरी कुठून आणू?”

“फोटो नाही का?”

फोटो होता. मुलगी बघायला आले तेव्हाचा. त्यात प्रज्ञेश आमच्याच कपातून चहा पितो आहे. कप आमच्या फळीवर होता. कपाचं तोंड मी मोजलं, सात सेंटिमीटर दोन मिलिमीटर. फोटोतला कप आणि फोटोतलं मनगट फूटपट्टीनं मोजून त्रैराशिक मांडलं. मनगटाचा घेर सत्तावीस सेंटिमीटर आला.

नामदेवरावांनी कागद लांब धरून बघितला. “सत्तावीस? हे मनगट नाही हो. हे मांडीचं काम हाय.”

मी मोजला तो मोकळा हात कॅमेऱ्याजवळ होता आणि कप लांब, हे माझ्या तीन दिवसांनी लक्षात आलं. शिकाऊ माणूसही ही चूक करत नाही.

“हात मिळवा त्याच्याशी,” नामदेवरावांनी पुढचा उपाय सांगितला. “मिळवता मिळवता दोन बोटं मागं सरकवायची. आपल्याला अंदाज येतो.”

आता हे त्यांना कसं सांगणार? आमच्याकडे माणूस भेटला की दोन्ही हात जोडून ‘जय भीम’ म्हणतो. समोरचाही हात जोडतो. जोडलेल्या हातांच्या मनगटाशी तिसऱ्याची बोटं पोचायला काही सोय नाही.

बुधवारी, बारा तारखेला, पौर्णिमा होती. अंबरपेठच्या विहारात परित्राण पाठ होता, आणि धम्मानंदजी मुलाला घेऊन दर पौर्णिमेला तिथं येतात. पाठ संपला की भंतेजी प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात. मनगट, दोरा, गाठ. मंगळवारी हे सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचं कौतुक वाटलं. तिथंच सावध व्हायला हवं होतं.

योजना अशी. दोऱ्याचे तुकडे कापून भंतेजींच्या हातात द्यायचं आणि बांधल्यावर उरलेली टोकं छाटायचं काम मी मागून घेतलं. प्रत्येक तुकडा बरोबर तीस सेंटिमीटर. छाटलेली टोकं मोजून तिसातून वजा करायची, गाठीला गेलेला दोरा वजा करायचा, राहील ते मनगट. गाठीला किती जातो हे मी आदल्या दिवशी गीताच्या हातावर अकरा वेळा बांधून काढलं. सरासरी दोन सेंटिमीटर तीन मिलिमीटर. बाराव्या वेळी तिनं हात दिला नाही.

रांगेत प्रज्ञेश तिसरा बसला होता आणि त्याच्यामागे त्याचे वडील. मी पायरीखाली गुडघे टेकून बसलो, हातात कात्री, डोळ्याला जवळचा चष्मा. त्या चष्म्यातून मला दोरा स्वच्छ दिसतो. माणसांचे चेहरे दिसत नाहीत. पौर्णिमेला सगळेच पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्याच लांब बाह्या. पहिला हात आला, गेला. दुसरा गेला. तिसऱ्या हाताची टोकं मी छाटली आणि शर्टाच्या वेगळ्या खिशात ठेवली. परित्राण ऐकताना माझं मन वजाबाकीत होतं, हा दोष माझा मला मान्य आहे.

टोकं तेरा सेंटिमीटर दोन मिलिमीटर भरली. गाठ वजा जाता साडेचौदा. नामदेवराव म्हणाले, उजवं मनगट डाव्याहून अर्धा सेंटिमीटर जाड असतं, घड्याळ डाव्यात घालतात. तेही वजा केलं. चौदा.

गीतानं स्वतःच्या हाताभोवती टेप धरला. “चौदा? माझं पंधरा आहे. तो तर जिमला जातो म्हणे.”

“जिममध्ये दंड वाढतात. मनगट हाडाचं असतं.”

“अहो, पण एवढंसं?”

“मोजलंय मी,” मी म्हणालो. याच वाक्यावर खात्यात कितीतरी शेतकरी गप्प बसलेले मी पाहिले आहेत. तीही बसली.

दुकानदार मात्र बसले नाहीत. आकडा ऐकून त्यांनी भिंग वर केलं. “साब, ये तो किसी बच्चे का नाप है. या फिर बुज़ुर्ग का.”

“मिलिमीटरपर्यंत नापून आणलंय.”

“हौ, नापे तो होंगे. किसका नापे?”

हा प्रश्न मी अपमान म्हणून घेतला. तो प्रश्न होता. मी चौतीसची तबकडी पसंत केली, स्टीलच्या पट्ट्याच्या पाच कड्या काढायला लावल्या आणि मागे कोरायला दिलं: ‘प्रज्ञेश, २३ फेब्रुवारी’. माझ्याकडून परत न करण्याच्या कागदावर सही घेतली गेली. मी ती ठळक केली.

तेवीस तारखेला विहाराच्या सभागृहात त्रिशरण-पंचशील झालं. अंगठ्या घालायच्या, एवढ्यात गीता डबी घेऊन उठली. मी धम्मानंदजींकडे बघितलं नाही. दीक्षाकडे बघितलं, ही चूक झाली. ती माझ्याकडेच बघत होती. ‘पप्पा, नाही ना?’ असं तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि माझ्या चेहऱ्यावर बहुधा उत्तर होतं.

प्रज्ञेशनं हसून “थँक यू आंटी” म्हटलं आणि बाही मागे घेतली. बाहीतून जे मनगट बाहेर आलं ते मी त्यापूर्वी कधीही पाहिलेलं नव्हतं. फोटोतलं सत्तावीस मला त्या क्षणी चौदापेक्षा जवळचं वाटलं.

पट्ट्याची दोन टोकं मनगटाच्या खाली एकमेकांपासून बोटभर लांब राहिली. गीतानं ओढलं. सत्यवतीनं ओढलं. मागून कुणीतरी म्हणालं, “लहान भावाचं आणलं काय?” मग मी पुढे झालो. का झालो ते मला अजून सांगता येत नाही. पट्टा वर सरकवून मनगटाच्या सगळ्यात बारीक जागी आणला, सगळा जोर लावून दाबला, आणि खटका बसला. त्याच क्षणी प्रज्ञेश ओरडला, कारण खटक्यात कातडी होती.

तो खटका पुढे वीस मिनिटं उघडला नाही. साबण झाला, खोबरेल तेल झालं. हात आधी लाल झाला, मग जांभळा. कुणीतरी सुचवलं की तोवर अंगठी घालून घ्या. दीक्षानं घालून बघितली. बोट इतकं सुजलं होतं की अंगठी पेरावरच थांबली. सरबतासाठी आणलेला बर्फ बादलीत ओतून नियोजित वराला त्यात हात बुडवून बसवण्यात आलं. भंतेजी शांत होते. त्या सभागृहात तेवढे एकटेच.

शेवटी धम्मानंदजी उठले. कुणाशी न बोलता त्यांनी छातीवरच्या बिल्ल्याची टाचणी काढली, खटक्यात घातली, एकदा फिरवली. घड्याळ निघालं. छत्तीस वर्षं शाळेची कुलुपं उघडल्याचा हात तो. मग त्यांनी घड्याळ उलटं केलं आणि मागचं नाव वाचलं.

“हे प्रज्ञेशसाठी?”

“हो.”

“माप कुणाचं घेतलंत?”

मी सगळं सांगितलं. तारखांसकट. तीस सेंटिमीटर, टोकं, गाठ, तिसरा हात. ऐकताना त्यांच्या कपाळावर आठी आली, मग ती हळूहळू वेगळ्याच प्रकारची झाली.

“त्या दिवशी,” ते म्हणाले, “ह्यानं मला पुढं केलं. वडील आधी म्हणून. तिसरा मी होतो.”

आणि बहुधा खात्री करून घ्यायला त्यांनी घड्याळ स्वतःच्या हातात घातलं. खटका हलक्यानं बसला. कुठं ताण नाही, कुठं सैल नाही, दोन्ही कान मनगटाच्या आत. दुकानदारांनी शिकवलं होतं अगदी तसं. ते बघत राहिले. माझ्या अंदाजानं गरजेपेक्षा चार-पाच सेकंद जास्तच. नामदेवरावांनी तेवढ्यात खिशातून टेप काढून बादलीतलं सुजलेलं मनगट मोजलं आणि मोठ्यानं जाहीर केलं, “साडेअठरा!” बारा वाजले होते. टेप पहिल्या दिवसापासून त्यांच्या खिशात होता असं नंतर कळलं.

धम्मानंदजींनी घड्याळ काढलं, डबीत ठेवलं, डबी माझ्या हातात दिली. “किशनरावजी, संत्र्यांवर मी काय लिहिलं होतं?”

“पाठ आहे मला.”

बर्फाच्या बादलीतून प्रज्ञेश म्हणाला, “पप्पा, लाइट लो ना. इत्ती मेहनत कौन करता? मेरे कू पूछते तो मैं मना कर देता ना.”

मग दीक्षा उठली. आवाज चढला नव्हता, पण अंगठी तिनं मुठीत धरली होती. “काका, घड्याळ परत गेलं. मीही परत जायचं का?”

धम्मानंदजींनी बिल्ल्याची टाचणी पुन्हा छातीला लावली.

“तू बस,” धम्मानंदजी म्हणाले. “बस बेटा. सूज उतरू दे त्याची.”

अंगठी बारा पस्तीसला गेली. सरबत कोमट होतं. घरी येताना दीक्षा माझ्याशी बोलली नाही, रात्री ताटावर बसल्यावर फक्त एवढंच म्हणाली, “पप्पा, जेवा.” प्रश्न नव्हता तो, पण मी तेवढ्यावर समाधान मानलं.

दुकानदारांनी घड्याळ परत घेतलं नाही. त्यांनी माझी ठळक सही दाखवली. गीतानं ते कपाटात टाकलं. माझा असा समज झाला की विषय संपला.

दोन मार्चला, रविवारी दुपारी चार वाजता, दारावरची बेल वाजली. धम्मानंदजी, एकटे. बसले. पाणी प्यायले. हवेबद्दल बोलले. मग पुष्कळ वेळ फरशीकडे बघून म्हणाले, “ते घड्याळ… दुकानात गेलं का?”

“नाही घेतलं त्यांनी.”

“अच्छा.” पुन्हा फरशी. “किशनरावजी, माझा हात लहानपणापासून असा. शाळेत असताना पट्ट्याला खिळ्यानं भोकं पाडायचो. तरी तबकडी फिरून खाली जायची. वेळ बघायला हात उलटा करावा लागायचा, आणि हात उलटा केला की सगळ्या वर्गाला कळायचं, सर कंटाळले. छत्तीस वर्षं. बसणारं घड्याळ मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घातलं.”

मी आत जाऊन डबी आणली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

“घेणार नाही. घेता येत नाही मला. सगळ्यांसमोर परत केलंय.”

“मग?”

“वापरायला न्यायचं म्हटलं तर? पौर्णिमेपर्यंत. पौर्णिमेला आणून देईन. तसं लिहून देतो.”

आणि त्यांनी खरोखरच लिहून दिलं, त्याच सुंदर अक्षरात.

चौदा मार्चला ते घड्याळ घेऊन आले, ठरल्याप्रमाणे परत केलं, चहा घेतला, आणि जायला उठेनात. शेवटी मी विचारलं, पुढच्या पौर्णिमेपर्यंत हवंय का? त्यांनी लगेच खिशातून कागद काढला. लिहून आणलेला होता.

मेमध्ये लग्न झालं, फक्त फुलांच्या हारांवर. प्रज्ञेश आता मला ‘मामा’ म्हणतो आणि दीक्षा फोनवर पुन्हा विचारायला लागली आहे. पण माझी सुटका झालेली नाही. दर पौर्णिमेला धम्मानंदजी येतात, घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि समोर बसतात. लगेच मागणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून ते थांबतात. लगेच देऊ केलं तर ते देणं होईल, म्हणून मी थांबतो. गीता चहा आणते, कप उचलते, पुन्हा एकदा आणते. बाहेर अंधारून येतं. असे किती वेळ बसतो ते सांगता येणार नाही, कारण घड्याळ आमच्या दोघांच्या मध्ये उपडं पडलेलं असतं, प्रज्ञेशचं नाव वर, आणि ते उलटून बघायची हिंमत दोघांपैकी कुणाचीही होत नाही.